भिंतीवरचे सांबरशिंग : छत्तीसगढातील एका सजावटीचा सांस्कृतिक इतिहास

इंग्रजीत 'हॉर्न' आणि 'अँटलर' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. जर्मनमधील 'हॉर्न' आणि 'गेवाय' ही जोडीही त्याच भेदावर उभी आहे. गवा, म्हैस, काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर बसलेले नखासारख्या द्रव्याचे आवरण होय. ते जन्मभर टिकते. सांबर, चितळ, बाराशिंगा यांचे शिंग मात्र निखळ हाड असते. ते नरालाच येते, त्याला फाटे फुटतात, वाढत असताना त्यावर मऊ लवदार कातडे असते आणि वाढ पुरी झाल्यावर काही काळाने ते मुळापासून गळून पडते. पुन्हा नवे येते. मराठीने हा भेद स्वतंत्र शब्दाने नोंदवला नाही. गाईचेही शिंगच आणि सांबराचेही शिंगच. फरक सांगायचाच झाला तर प्राण्याचे नाव पुढे जोडून 'सांबरशिंग' किंवा 'साबरशिंग' म्हटले की काम भागते.

हे भाषेचे उणेपण मानण्याचे कारण नाही. इंग्रजीत सांबरवर्गीय प्राण्याच्या शिंगाच्या एकेका फाट्याला 'ब्राउ', 'बे', 'ट्रे' अशी वेगवेगळी नावे आहेत. हे शब्दभांडार युरोपातील सरंजामी शिकारविधीत वाढले. फाटे मोजण्याला तेथे प्रतिष्ठेचा अर्थ होता. आपल्याकडे फाटे मोजून ठेवलेले नाव एकच प्रसिद्ध आहे, ते म्हणजे 'बाराशिंगा', आणि ते जिवंत जनावराचे नाव आहे, भिंतीवरच्या वस्तूचे नव्हे. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे : सांबर-चितळांची शिंगे दिवाणखान्याच्या भिंतीवर लावण्याची पद्धत मध्य भारतात, विशेषतः छत्तीसगढात, कशी आली, तिने कोणती कथनपद्धती आपल्याबरोबर आणली, आणि ती वस्तू भिंतीवरून उतरल्यावर तिच्या जागी काय आले.

प्रथम परंपरेकडे पाहू. वैदिक यज्ञात दीक्षित यजमानाला अंग खाजवण्यासाठी काळविटाचे शिंग दिले जाई. त्याला 'कृष्णविषाणा' म्हणत. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातील सातवे सूक्त वेगाने धावणाऱ्या हरणाच्या मस्तकावरच क्षेत्रिय रोगाचे औषध असल्याचे सांगते. पहिल्या उदाहरणात शिंग माणसाच्या हातात आहे, दुसऱ्यात ते हरणाच्या डोक्यावरच आहे. ते भिंतीवर असल्याचे दोन्हीकडे कोठेही सुचवलेले नाही. या सूक्ताचा धागा थेट मराठी घराच्या फडताळापर्यंत येतो. साबरशिंगाचा बोटभर तुकडा जायफळ, वेखंड, हळकुंड यांच्या शेजारी ठेवलेला असे, आणि छातीत किंवा बरगडीत दुखू लागले की तो सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावला जाई. आयुर्वेदातील शृंगभस्म हे त्याच द्रव्याचे शास्त्रोक्त रूप. ज्या वस्तूला भिंतीवर तिच्या लांबीवरून किंमत आली, तीच वस्तू या घरांत रोज थोडी थोडी झिजत होती.

काव्यातही हीच गोष्ट दिसते. वाल्मीकीने मारीचाच्या मायावी मृगाचे वर्णन करताना त्याच्या शिंगांची टोके रत्नासारखी होती असे म्हटले आहे. तरीही तो जिवंत हाती न लागल्यास सीता मागते ते त्याचे कातडे, आणि तेही बसण्यासाठी. मेलेल्या मृगाचा मानवी उपयोग आपल्या महाकाव्यांत प्रामुख्याने अजिन हा आहे. ते जमिनीवर अंथरायचे असते. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात तर शिंगाचे चित्रच आहे. पश्चात्तापदग्ध दुष्यंत शकुंतलेच्या चित्रफलकात अजून काय काढायचे राहिले ते सांगतो. त्यात काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी हरिणी आहे. शिंगासारख्या अणकुचीदार वस्तूवर डोळा टेकवण्याइतका विश्वास हा त्या चित्राचा आशय. पहिल्या अंकात बाण जोडून हरणामागे धावणारा हाच राजा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कालिदासाने शिकाऱ्याच्या फलकावर शिंग कोणत्या अटीवर येऊ दिले हे उमगते. विश्वनाथाने साहित्यदर्पणात 'शृंगार' शब्दाची उपपत्ती 'शृंग' म्हणजे कामाचा उद्भेद अशी लावली आहे. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकते हा प्रश्न वेगळा. परंतु शिंगे वाढून कठीण होणे आणि नराचे माजावर येणे यांचा संबंध रानात राहणाऱ्यांना माहीत होताच.

छत्तीसगढाच्या संदर्भात ऋष्यशृंगाची आठवण अपरिहार्य आहे. मृगीपोटी जन्मलेला, मस्तकावर शिंग असलेला हा ऋषी महाभारताच्या वनपर्वात येतो आणि रामायणात दशरथाची पुत्रकामेष्टी करतो. हाइनरिख ल्यूडर्स यांनी १८९७ मध्ये या कथेच्या विविध पाठांचा तौलनिक अभ्यास केला, तो आपल्या विषयशाखेतील अभ्यासकांना परिचित आहे. लोकपरंपरा मात्र या ऋषीला थेट भूगोलात बसवते : धमतरी जिल्ह्यातील सिहावा येथे, महानदीच्या उगमाशी, शृंगीऋषीचा डोंगर आहे. रायपूरच्या मैदानाला पाणी देणारी नदी शिंग असलेल्या माणसाच्या डोंगरातून निघते, ही या प्रदेशाची स्वतःविषयीची समजूत आहे. शिंग असलेला माणूस म्हणजे रानटी माणूस, असे समीकरण तिच्यात नाही. तो पाऊस आणतो, संतती देतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मराठी राज्यव्यवस्थेत शिकारीला स्वतंत्र खाते होते. अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना येतो. हा शब्द ऐकल्यावर आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंडक्यांनी भरलेली भिंत उभी राहील. पण पुण्याच्या पेशव्यांचा शिकारखाना म्हणजे जिवंत जनावरांचा संग्रह होता. १७९० मध्ये गंगाराम चिंतामण तांबट यांनी तेथील गेंड्याचे चित्र काढले. ते ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या वर्तुळातील चित्रकार होते आणि त्यांचे हे काम आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. शिकार होत नव्हती असे नव्हे. परंतु वैभवाचे प्रदर्शन करायचे ते जिवंत जनावर बांधून, मेलेले टांगून नव्हे. नागपूरकर भोसल्यांनी १७४१ च्या भास्करपंतांच्या स्वारीनंतर छत्तीसगढावर ताबा मिळवला, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहू लागले, १७८७ नंतर सुभेदारांचा कारभार झाला आणि १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजांनी खालसा केला. या शतकभरात मराठी कारकून, पुरोहित, मालगुजार घराणी रतनपूर-रायपूरकडे आली. रायपुरातील तात्यापारा हे वस्तीचे नावच त्याची खूण बाळगून आहे. या घराण्यांनी देवघर आणले, दप्तर आणले, सहाण आणली. भिंतीवरचे शिंग त्यांना पुढच्या राजवटीकडून मिळाले.

या पुढच्या राजवटीचे ग्रंथ पाहिले पाहिजेत. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील प्रसिद्ध पुस्तक १८७१ मध्ये निघाले. त्याच्या उपशीर्षकात अरण्ये, रानटी जमाती, प्राणिसृष्टी आणि शिकार हे चार विषय एका ओळीत आहेत. हा क्रम निष्पाप नाही. सागाची मोजणी, गोंडांची वर्णने आणि सांबराच्या शिंगाची मापे एकाच माणसाच्या एकाच वहीत उतरली होती. त्या वहीला लागणारी नजरही एकच होती. स्टर्नडेल यांचे सिवनीच्या छावणीजीवनावरील पुस्तक १८७७ चे. किपलिंगच्या 'जंगल बुक'मागे त्याचा आधार आहे हे सर्वश्रुत आहे. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचे मध्य भारतातील वन्य पशूंवरील पुस्तक १९२३ मध्ये आले. याच वर्तुळातील मोजमापाला आधार देणारा ग्रंथ लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या व्यावसायिकाने १८९२ मध्ये काढला. त्यात जगभरच्या शिकारीतील शिंगांची लांबी, घेर, दोन टोकांमधील अंतर यांचे तक्ते होते. आता शिंग हे सांबराचे राहिले नाही. ते इतक्या इंचांचे, अमुक ठिकाणचे, अमुक साहेबांचे झाले. चाळीस इंचांचे सांबरशिंग म्हटले की मेजवानीच्या टेबलावरची माणसे कान टवकारत.

फोर्सिथच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे शिकारसाहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांकडून लिंगोची दीर्घ गीतकथा टिपून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांचे कागद प्रसिद्ध केले. फोर्सिथने त्या कथेला इंग्रजी पद्याचा पेहराव चढवून आपल्या पुस्तकात घातले. या गीतकथेतही मृगया आहे. लिंगोचे भाताचे शेत खायला निघालेल्या रानपशूंच्या कळपात मामा आणि भाचा आहेत. म्हातारा मामा तरुण भाच्याला त्या शेताचे नाव काढू नको म्हणून बजावतो. भाचा ऐकत नाही, शेत फस्त होते, आणि शिकार घडते. परंतु मारलेल्या जनावराबरोबर कथा थांबत नाही. मांस भाजायला विस्तव कुठून आणायचा, हा तिचा पुढचा प्रश्न आहे आणि त्या शोधातून कथेचे पुढील पर्व उलगडते. शिकारीनंतर जे उरते ते शिंग नसून अग्नी आहे. याच पुस्तकाच्या इतर पानांवर मृत जनावर म्हणजे कथेचा शेवटचा मुक्काम. त्यानंतर फक्त माप. एकाच वेष्टनात बांधलेल्या या दोन कथनांतला विसंवाद फोर्सिथला जाणवला असेल असे वाटत नाही. त्याने लिंगोची कथाही शिंगाप्रमाणेच गोळा केली होती.

'ट्रॉफी' या शब्दाचे मूळ येथे सांगण्याजोगे आहे. युद्धात ज्या जागी शत्रूने पाठ फिरवली त्या जागी त्याची शस्त्रे लाकडाच्या खांबावर टांगून ग्रीक लोक 'ट्रोपाइऑन' उभारीत. 'ट्रोपे' म्हणजे वळण. शब्दाच्या वळणाला, अलंकाराला 'ट्रोप' म्हणतात तेही याच धातूचे अपत्य. ही स्मारके दगडाची नव्हे, लाकडाची असावीत, म्हणजे ती लवकर नाहीशी होतील आणि वैराची आठवणही फार टिकणार नाही, असा विचार ग्रीक इतिहासलेखनात सापडतो. बंगल्याच्या भिंतीवरील ट्रॉफीने ही अट पाळली नाही. ती टिकावी म्हणूनच लावली जाई.

ही भिंत वाचता येते, आणि ती वाचण्याची रीत अगदी साधी आहे. ढालीच्या आकाराच्या सागवानी किंवा शिसवी फळीवर दोन शिंगे बसवलेली असतात. ती दोन्ही कवटीच्या माथ्याच्या एकाच तुकड्यावर उभी असतील तर जनावर मारलेले आहे. याउलट प्रत्येक शिंगाच्या बुडाशी गाठाळ कडे असून त्याखालचा पृष्ठभाग खडबडीत, किंचित फुगीर असेल आणि शिंग फळीत स्क्रूने कसलेले असेल, तर ते रानात गळून पडलेले, उचललेले आहे. अशा उचललेल्या शिंगांची जोडी बहुधा जमत नाही. एक थोडे आखूड, एक थोडे जाड निघते. त्यासाठी लाकडाचे डोके कोरून त्यात शिंगे खोचण्याची युक्ती निघाली. पाहणाऱ्याला ते मुंडके वाटते. मारलेल्याची आणि वेचलेल्याची प्रतिष्ठा दुरून सारखी दिसावी, हा त्या कारागिरीचा हेतू. रानात पडलेली शिंगे फार काळ राहत नाहीत, साळिंदर ती कुरतडून संपवते. तेव्हा वेचणाराही रानात वरचेवर फिरणाराच असावा लागतो. म्हणजे उचललेल्या शिंगामागेही एका गुराख्याचे किंवा गोंड-बैगा वाटाड्याचे श्रम असतात. फळीखाली पितळी पट्टी असते. तीवर साल, ठिकाण आणि बंदूकवाल्याचे नाव कोरलेले असते. हाका करणाऱ्यांची नावे पट्टीवर नसतात. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर ही पट्टी म्हणजे शिकारकथेचा लघुतम पाठ आहे : प्रथमपुरुषी, तारखेसह, आणि साक्षीदारांशिवाय.

पट्टीची ही सवय किती दूर गेली याचे एक उदाहरण. कान्ह्याच्या कठीण जमिनीवर राहणाऱ्या बाराशिंग्याच्या उपजातीला १९४३ मध्ये पोकॉकने 'ब्रँडेरी' असे नाव दिले, ते वर उल्लेखिलेल्या डनबार ब्रँडरवरून. १९७० च्या मोजणीत कान्ह्यात या उपजातीची ६६ जनावरे उरली होती. पुढे संरक्षणामुळे ती वाढली, हे सुदैव. ज्याच्या देशी नावात शिंगाचे फाटे मोजलेले आहेत त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात शिकारीच्या काळातील एका साहेबाची पट्टी कायमची ठोकलेली आहे.

संस्थानिकांनी ही सजावट उचलली आणि तिला दरबारी परिमाण दिले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात वाघ, गवे, सांबरे, काळवीट यांची पेंढा भरलेली रूपे आजही पाहता येतात. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याने विसाव्या शतकभर देशभरच्या संस्थानिकांना असा माल पुरवला. छत्तीसगढात चौदा संस्थाने होती, आणि शिकारीच्या बाबतीत त्यांतील उत्तरेकडची संस्थाने अतिरेकापर्यंत गेली. सरगुज्याच्या महाराजांनी आपण मारलेल्या वाघांची संख्या १,१५० असल्याचे जॉर्ज शॅलर यांना पत्राने कळवले होते. शॅलर यांनी ती आपल्या १९६७ च्या ग्रंथात नोंदवली. कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये तीन चित्ते मारले, ते भारतातील अखेरच्या चित्त्यांपैकी मानले जातात. रायपूर-दुर्ग-राजनांदगाव पट्ट्यातील मालगुजारांचे वाडे या मानाने साधे. तेथे भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींखाली चितळाची एक जोडी आणि तिच्या फाट्यांवर टांगलेली टोपी-छत्री, एवढीच शोभा असायची. शिंगाची खुंटी झाली, ही मला त्या वस्तूची सर्वांत प्रामाणिक अवस्था वाटते.

राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून रायपूरचे संग्रहालय १८७५ मध्ये उभे राहिले. त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. शिलालेख, मूर्ती, शस्त्रे, प्राणी-पक्ष्यांचे नमुने आणि आदिवासींची आभूषणे हे सारे एका छताखाली आहे. फोर्सिथच्या उपशीर्षकाचीच ही वास्तुरूप मांडणी म्हणता येईल.

आता बस्तर. विल्फ्रिड ग्रिगसन १९२७ ते १९३१ या काळात बस्तर संस्थानचे प्रशासक होते. माडिया गोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये आला. नृत्याच्या वेळी गव्याची शिंगे बसवलेला शिरोभूषणाचा साज घालणाऱ्या दंडामी माडियांना त्यांनी 'बायसन हॉर्न माडिया' असे नाव दिले आणि ते मानवशास्त्रात रूढ झाले. शिंगे बांबूच्या सांगाड्यावर बसवलेली असतात, तोंडावर कवड्यांच्या माळांचा पडदा लोंबतो, वर पिसांचा तुरा असतो आणि गळ्यात मोठा ढोल. गव्याचे शिंग हे 'अँटलर' नव्हे, हे खरे. परंतु मराठी 'शिंग' दोहोंना कवेत घेते म्हणूनच या निबंधात दोहोंना एकत्र पाहणे शक्य झाले आहे. हे शिंग पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते. ते घरातील कोणाच्या पराक्रमाचे प्रमाणपत्र नसते. लग्नात, सणात ते डोक्यावर चढते आणि त्या वेळी नाचणारा स्वतःच गवा होतो, दुसऱ्या शिंगवाल्याला ढुशी देण्याचा आविर्भाव करतो. बंगल्यातील शिंग माणूस आणि पशू यांच्यातील अंतर दाखवते, तर हे शिंग काही घटकांसाठी ते अंतर मिटवते. ऋष्यशृंगाच्या कथेशी त्याचे नाते आहे का, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण दोन्हीकडे शिंग हे माणसाच्या अंगावरचे सामर्थ्य आहे.

या दोन शिंगांना कायद्याने एका पंगतीत आणले. वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यातील 'ट्रॉफी'च्या व्याख्येत कातडी, पेंढा भरलेले नमुने यांच्याबरोबर शिंग, सांबरवर्गीयांचे शिंग, नख, दात, पीस येथपर्यंत सर्व काही मोजलेले आहे; वन्य पशूचा कोणताही भाग वापरून केलेल्या वस्तूची व्याख्या त्याच कलमात वेगळी आहे. ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या त्यांनी त्या विहित मुदतीत जाहीर करायच्या आणि मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळपास पूर्णपणे बंद झाली. २००३ च्या नियमांनी राहून गेलेल्यांना १८० दिवसांची आणखी एक संधी दिली. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने पुढे जाऊ शकते, विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ती स्वेच्छेने सरकारजमा करण्याची तरतूद केली. रानात गळून पडलेले शिंगही याच व्याख्येत येते. ते उचलून घरी नेणे निरपराध राहिले नाही. सहाणेवरचा तुकडाही तत्त्वतः त्यातून सुटत नाही.

या कायद्याची गरज वादातीत आहे. ६६ या आकड्यापुढे कोणताही सांस्कृतिक युक्तिवाद तोकडा पडतो. तरीही त्याच्या भाषेचा परिणाम नोंदवला पाहिजे. पितळी पट्टीवर साल-ठिकाण कोरलेले, बंदुकीचा परवाना आणि वकील दोन्ही बाळगणारे घर मुदतीत अर्ज करू शकत होते. पट्टी हाच त्याचा पुरावा होता. आजोबांच्या आजोबांपासून आलेला शिंगांचा साज ज्याच्या घरात होता, त्या माडियाकडे कोणती तारीख होती? शिकाऱ्याच्या कथेला लेखी रूप होते म्हणून ती कायद्याला वाचता आली. नर्तकाची कथा पायांच्या ठेक्यात होती. सरकारी अर्जात ठेक्यासाठी रकाना नसतो.

मराठी साहित्यात या स्थित्यंतराची खूण स्पष्ट दिसते. शिकारकथा हा प्रकार एकेकाळी मासिकांतून आवडीने वाचला जाई. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' हे बंदूक न घेता रानात काढलेल्या दिवसांचे पुस्तक आहे; 'सत्तांतर'मध्ये तर माणूस कथेच्या केंद्रातूनच बाजूला झाला आणि त्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्ली (निधन २०२५) हे वनखात्यात हयात घालवलेले लेखक. गोंड, माडिया, ढीवर या सहवासातील माणसांकडून त्यांनी रानाचे शब्द वेचले आणि ते कोणाकडून मिळाले हेही अनेकदा सांगितले. पितळी पट्टीवर ज्यांना जागा नव्हती ती माणसे या गद्यात नावानिशी येतात. गद्यशैलीच्या इतिहासात याला 'निसर्गलेखन' असे सैल नाव देऊन आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात तो साक्षीदारांच्या पुनर्प्रवेशाचा क्षण आहे.

भिंत मात्र रिकामी राहिली नाही. तिच्यावर आता काय येते हे पाहण्यासाठी रायपुरातील पंडरी हे ठिकाण उत्तम आहे. मराठी कानाला या नावात 'पांढरी', म्हणजे काळ्या शेतजमिनीपासून आणि रानापासून वेगळी काढलेली वस्तीची जागा, ऐकू येते. नावाचा उगम तोच आहे असे येथे सुचवायचे नाही. पंडरी कपड्यांच्या ठोक बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथेच छत्तीसगढ हाट भरते. राज्यभरचे कोसा विणकर, घडवा कारागीर, लोहार आपला माल तेथे आणतात. कोंडागावकडचे लोखंडी हरीण हे तिथले हमखास दिसणारे रूप : लांब मान, चिमुकले तोंड आणि पाठीमागे झुकलेली, एकातून एक फुटणारी शिंगे. भट्टीत तापवलेले भंगार लोखंड हातोड्याने ठोकून, चिरून ती काढलेली असतात. खऱ्या सांबराच्या शिंगाला बहुधा तीन टोके असतात. लोहाराच्या हरणाला पाच, सात, कधी अधिक. त्याला रोलंड वॉर्डची तमा नाही. बस्तरचे लोहार देवीपुढे आणि लग्नात लावायचे अनेक फांद्यांचे दिवे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. हरणाच्या शिंगांत त्या दिव्याच्या फांद्यांचे वळण उतरले आहे असे मला वाटते. हे शिंग कोणत्याही जनावराच्या डोक्यावरून आलेले नाही, आणि ते भिंतीवर लावायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

त्याच्याच शेजारी ढोकरा पद्धतीचे पितळी मुखवटे असतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोर गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओतायचे, ही घडव्यांची रीत. कोंडागावच्या जयदेव बघेल यांनी ती देशाबाहेरच्या दालनांपर्यंत नेली. या मुखवट्यांतील खपाचा प्रकार म्हणजे गव्याच्या शिंगांचा साज घातलेला माडिया. कानशिलांवरून वर वळलेली दोन शिंगे, कवड्यांची रांग, मिटल्यासारखे डोळे, आणि मागे खिळ्याला अडकवण्यासाठी कडी. मूळ साज पूर्ण देहावर चढतो, ढोलासकट नाचतो. मुखवट्यात मानेखालचा देह नाही. दिवाणखान्यात तो लागतो ती जागाही ठरलेली आहे : सोफ्याच्या वर, दारासमोरची भिंत, जेथे दोन पिढ्यांपूर्वी सांबराची जोडी होती.

हा मुखवटा घडवणारे हात बस्तरचेच आहेत आणि त्यावर त्यांची चूल चालते, म्हणून विकत घेणाऱ्यावर सरसकट आरोप करणे उथळपणाचे ठरेल. घडवा कारागीर माडियांच्या देवतांच्या मूर्तीही घडवत आला आहे. माडियाचे रूप त्याला परके नाही. पण भिंतीच्या व्याकरणाचा विचार केला तर एक गोष्ट टाळता येत नाही. शिंगे भिंतीवर तशीच आहेत. त्यांच्याखाली पूर्वी कवटीचा तुकडा असे, आता माणसाचा चेहरा आहे. ढोकऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, त्यामुळे वेष्टनावर प्रदेशाचे नाव असते. मुखवट्याच्या मागच्या बाजूला, कडीच्या खाली, घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे पितळात उतरलेले असतात. मेण मऊ असताना ते उमटतात, आणि ओतकामात जसेच्या तसे राहतात.